विहिरीवरची मोटार आणि कोटीची मोटार

हर्सूलच्या टी पॉइंटवर चहाला थांबलात, तर आजकाल तीन विषय हमखास कानावर पडतात. पाऊसपाणी, जमिनीचे भाव आणि बिडकीनला येणारे विजेच्या गाड्यांचे कारखाने. पहिल्या दोन विषयांत तुम्हाला कोणी शिकवावं असं काही नाही. तिसऱ्यात मात्र ऐकीवच जास्त. कोणी सांगतो, आता डिझेल संपलंच समजा. कोणी सांगतो, शेंद्र्यातून कोटीची विजेची गाडी निघणार, पोराला आयटीआय करून ठेवा. आणि जळगाव रोडला लागून ज्याचं वावर आहे त्याला तर रोज एक नवा माणूस भेटतो, म्हणतो, सावंगीजवळ समृद्धीचा रस्ता उतरतो ना, तिथं चार्जिंग स्टेशन टाकू, तुम्ही फक्त जागा द्या.

आपल्याकडं मोटार म्हटलं की आधी विहिरीवरची मोटार आठवते. लाईट आली का, मोटार चालू झाली का, हा आपला रोजचा प्रश्न. आता ही दुसरी मोटार त्याच तारेवर येऊन बसणार आहे. म्हणून हा विषय फक्त शहरातल्या बंगलेवाल्यांचा आहे असं समजून पान उलटू नका.

आधी एका गाडीची हकीकत ऐका. तिचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे, आणि नाहीसुद्धा.

जर्मनीची ऑडी ही बड्या लोकांची गाडी. ती भारतात २००७ साली आली, आणि तिच्या अनेक गाड्यांची जुळणी आपल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, स्कोडाच्या कारखान्यात होते. ए४, ए६, क्यू३, क्यू५, क्यू७ ही नावं करमाड, कुंभेफळच्या पोरांना तोंडपाठ आहेत, कारण त्यातले कितीतरी जण तिथं कामाला गेलेले आहेत. तर या ऑडीनं सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत आपली पहिली पूर्ण विजेवर चालणारी एसयूव्ही दाखवली. नाव ई-ट्रॉन. जून २०१९ मध्ये ती भारतात दाखवली गेली आणि लवकरच विक्रीला येणार असं जाहीर झालं. लगेच शहरात चर्चा सुरू झाली. शेंद्र्यात ऑडी जुळते, मग ही विजेची ऑडीपण शेंद्र्यातच जुळणार, नवी लाइन पडणार, नवी भरती होणार. हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. पण तसं घडलं नाही.

एक तर गाडी यायला दोन वर्षं लागली. मध्ये कोरोना आला. २२ जुलै २०२१ रोजी ती भारतात विक्रीला आली तेव्हा तिची किंमत ९९ लाख ९९ हजारांपासून पुढं होती. म्हणजे कोटीला एक हजार कमी. हे गणित आपल्या गावच्या कापड दुकानदारालाही कळतं. आणि दुसरं म्हणजे ती आली ती आयतीच, जहाजातून. बेल्जियम देशात ब्रुसेल्स शहराजवळच्या कारखान्यात ती तयार होत होती. शेंद्र्याच्या कामगाराचा तिला हात लागला नाही. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती क्यू८ ई-ट्रॉन या नावानं आली, किंमत १ कोटी १४ लाखांपासून. तीही आयातच.

आता या १ कोटी १४ लाखांचा अंदाज यावा म्हणून आपल्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. या भावानं एका गाडीला चौदाशे क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू एकरी आठ क्विंटल आले असं मनाचं समाधान करून धरलं, तरी पावणेदोनशे एकराचं सगळं पीक. खर्च न काढता. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यात एकरी किती क्विंटल घरात आले हे मी तुम्हाला काय सांगणार!

असो. गाडी महाग आहे एवढंच सांगायला हा लेख नाही. खरा प्रश्न असा, की जिल्ह्यात कारखाना असून ती इथं का जुळली नाही.

याचं उत्तर कस्टममध्ये आहे. २०२१ साली परदेशातून पूर्ण तयार महाग गाडी आणली तर किमतीइतकाच म्हणजे १०० टक्के आयात कर होता. तीच गाडी सुट्या भागांत आणून इथं जुळवली तर कर पुष्कळच कमी. मग कंपनीला स्वस्त काय? जुळणी. पण जुळणीची लाइन टाकायला पैसा लागतो, बॅटरीचं काम वेगळं, सुरक्षेची व्यवस्था वेगळी, आणि त्यासाठी वर्षाकाठी ठरावीक गाड्या खपायला हव्यात. शे-दोनशे गाड्यांसाठी कोणी लाइन टाकत नाही. आपणसुद्धा दोन एकर उसासाठी हार्वेस्टर विकत घेत नाही, भाड्यानं बोलावतो. तसंच हे.

पण जिथं खपाची खात्री वाटली तिथं काय झालं ते बघा. बीएमडब्ल्यूची आयएक्स१ ही विजेची एसयूव्ही २०२३ साली आयात होऊन आली तेव्हा तिची किंमत ६६ लाख ९० हजार होती. जानेवारी २०२५ मध्ये तिचाच लांब नमुना चेन्नईत जुळवून बाजारात आणला, तो ४९ लाखांना. मर्सिडीजनं तर २०२२ मध्येच पुण्याजवळ चाकणला ईक्यूएस ही विजेची गाडी जुळवायला घेतली. चेन्नईला जमलं, चाकणला जमलं. शेंद्र्याला का नाही, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी कंपनीला आणि सरकारला विचारायचा आहे. पोस्टरवर विजेच्या गाडीचं चित्र काढून तो सुटणार नाही.

यात एक गुंता आणखी आहे. सुटे भाग कशाला म्हणायचं आणि पूर्ण गाडीचा संच कशाला म्हणायचं, यावरून कस्टम खात्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला नोटीस दिली. रक्कम १.४ अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास बारा हजार कोटी रुपये. खात्याचं म्हणणं, जवळजवळ अख्ख्या गाड्या वेगवेगळ्या खोक्यांत आणून सुट्या भागांचा कमी कर भरला. कंपनीचं म्हणणं, आम्ही नियमानंच वागलो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. पण डोक्यावर एवढी टांगती तलवार असताना कंपनी शेंद्र्यात नवा पैसा ओतताना दहादा विचार करणार, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या या कागदांचा परिणाम करमाडच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोराच्या भरतीवर होतो. म्हणून ते वाचत चला.

जिथं बनत होती तिथं काय झालं

ई-ट्रॉन आली नाही म्हणून आपण हळहळलो. पण ब्रुसेल्सला काय झालं ते ऐका. ज्या कारखान्यात ही पहिली विजेची एसयूव्ही तयार व्हायची, तो कारखाना फेब्रुवारी २०२५ अखेर बंद झाला. महाग विजेच्या गाड्यांचा खप कंपनीला वाटला तेवढा झाला नाही. तीन हजारांच्या आसपास कामगार होते. युरोपातला, पक्क्या युनियनचा, नावाजलेला कारखाना. त्यांच्याकडेही पाच-सात वर्षांपूर्वी हीच भाषा होती, की भविष्य आपल्या दारात आलं. एकाच गाडीवर अख्खा कारखाना उभा करणं म्हणजे अख्ख्या वावरात एकच पीक घेण्यासारखं. भाव पडला की सुटका नाही.

आता बिडकीनकडं या. बिडकीन आपल्यापासून लांब, पैठण तालुक्यात. पण जिल्हा एकच आणि पोरंही आपलीच. जून-जुलै २०२४ मध्ये तिथं एकामागून एक घोषणा झाल्या. एथर ही विजेच्या स्कूटरची कंपनी, २,००० कोटी. जेएसडब्ल्यूचा विजेच्या गाड्यांचा प्रकल्प, २७,२०० कोटी. टोयोटा किर्लोस्करशी ३१ जुलै २०२४ रोजी मुंबईत करार, २०,००० कोटी. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं, क्षेत्र ७,८५५ एकर. हे आकडे खोटे नाहीत. पण करारावरचा आकडा आणि गेटमधून आत जाणाऱ्या कामगारांची हजेरी यात बरीच वर्षं जातात, हे शेंद्र्यानं आपल्याला शिकवलंच आहे. ज्यांनी एकरी २३ लाखांच्या भावानं डीएमआयसीला जमिनी दिल्या, त्यांतल्या कित्येकांच्या पोरांची नोकरीची वयं तेवढ्यात निघून गेली. पैसा आला, घरं झाली, गाड्या आल्या, काहींनी दुसरीकडं शेती घेतली. ज्यांनी शेती घेतली ते शहाणे निघाले, हे माझं मत.

आणि पोरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी घोषणेच्या दिवशी कोणी बोलत नाही. विजेच्या गाडीत इंजिन नसतं. म्हणजे पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, डिझेलची टाकी नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स जवळजवळ नाहीच. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून वाळूज, चिकलठाण्यात जी शेकडो लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली, त्यांतली कितीतरी याच वस्तूंवर जगतात. हर्सूल, पिसादेवी, सावंगीतून सकाळी डबा घेऊन निघणारे किती टर्नर, फिटर अशा वर्कशॉपमध्ये जातात ते मोजा. एकीकडं नव्या कारखान्यात भरती, दुसरीकडं जुन्या कामाला कात्री, असं दोन्ही होऊ शकतं. एका दिवसात नाही, पण होऊ शकतं. आयटीआयला पोराचं नाव घालताना वायरमन, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स यांचा विचार करा, एवढंच सांगतो. टर्नर-फिटरचं काम संपेल असं मी म्हणत नाही. प्रेसचं, डायचं, चेसीचं काम विजेच्या गाडीलाही लागतंच.

बजाजनं वाळूजमध्ये विजेची तीनचाकी काढली, हे मात्र शुभ चिन्ह आहे. गावात विजेची गाडी येईल तर ती आधी रिक्षाच्या आणि भाजीच्या टेम्पोच्या रूपानं येईल. कोटीची एसयूव्ही फुलंब्रीच्या बाजारात कोण नेणार?

एक चार्जर म्हणजे किती मोटारी

आता आपल्या तारेचा विषय. इथं जरा सावकाश वाचा, कारण सरपंच, ग्रामसेवक आणि महावितरणच्या माणसाशी बोलताना हाच हिशोब कामाला येईल.

ई-ट्रॉनच्या मोठ्या नमुन्याची बॅटरी ९५ युनिटची होती. म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरायला ९५ युनिट, वर थोडी गळती. त्यावर कंपनीच्या मोजमापानं ३५९ ते ४८४ किलोमीटर जायची. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण चार युनिट खाते. दिवसा आठ तास थ्री फेज मिळाली तर बत्तीस युनिट. म्हणजे एका गाडीची एक टाकी, आणि आपल्या मोटारीचं तीन दिवसांचं भरणं, हे सारखंच. विजेच्या प्रमाणात फार मोठा फरक नाही. कोणी म्हणेल की गाड्या आल्या की शेतीची लाईट संपेल, तर ते घाबरवणं आहे.

अडचण प्रमाणात नाही, वेगात आहे. ई-ट्रॉन १५० किलोवॅटच्या जलद चार्जरवर लावता येत होती. पाच अश्वशक्तीची मोटार पावणेचार किलोवॅटची. म्हणजे एक जलद चार्जर चालू झाला की एकाच वेळी चाळीस मोटारी चालू झाल्यासारखा भार पडतो. आपल्या शिवारातली १०० केव्हीएची डीपी वीस-पंचवीस मोटारींवर धापा टाकते. त्याहून जास्त आकडे पडले की काय होतं, ते तुम्ही दर मार्चमध्ये बघता. डीपी जळते, मग ती उतरवायला ट्रॅक्टर आपला, डिझेल आपलं, आणि नवी येईपर्यंत गहू वाळतो. तेव्हा शेतीच्या डीपीवर असा चार्जर बसूच शकत नाही. त्याला उच्च दाबाची वेगळी लाइन आणि वेगळा ट्रान्सफॉर्मरच लागतो. कोणी तुम्हाला सांगत असेल की तुमच्याच डीपीवरून घेऊ, थोडं वाढवून घेऊ, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शेतीच्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी, म्हणजे मार्च २०२९ पर्यंत, मोफत वीज जाहीर झालेली आहे. चार्जिंग स्टेशनचा दर वेगळा आणि पैसे रोख. मोफतवाल्या ग्राहकाची डीपी आधी दुरुस्त होईल की पैसे देणाऱ्याची, हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. ग्रामसभेत तो विचारायला हरकत नाही.

सवलत कोणाला

सरकारनं विजेच्या गाड्यांना सवलती दिल्या त्या धूर कमी व्हावा, तेल परदेशातून कमी यावं म्हणून. हेतू चांगला. पण सवलत कोणाच्या खिशात जाते तेही बघायला हवं.

विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मग ती दहा लाखांची असो की कोटीची. आणि आपल्या ट्रॅक्टरवर? २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता. म्हणजे कित्येक वर्षं असं चाललं होतं, की कोटीच्या विजेच्या गाडीला ५ आणि नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरला १२. आठ लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरवर ९६ हजार कर जात होता, तो आता ४० हजार झाला. छप्पन हजार वाचले. ट्रॅक्टरचे टायर आणि भागही १८ वरून ५ टक्क्यांवर आले. हे झालं ते चांगलं झालं. पण आठ वर्षं ज्यांनी जास्त भरले त्यांचे गेले ते गेलेच.

राज्यात दुसरी गंमत झाली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला. १ कोटी १४ लाखांच्या गाडीवर हा कर ६ लाख ८४ हजार होतो. एका बऱ्यापैकी ट्रॅक्टरची किंमत. पंधरवडाच गेला असेल, २६ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितलं की हा कर घेणार नाही. कारण दिलं गेलं की यातून फारसं उत्पन्न मिळणार नाही आणि विजेच्या गाड्यांना चुकीचा संदेश जाईल. उत्पन्न कमी असेल, मान्य. पण ज्याला कोटीची गाडी परवडते तो सहा टक्क्यांपायी पुन्हा डिझेलकडं वळेल, हे मला तरी पटत नाही.

पुढं २०२५ च्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या प्रवासी मोटारींना आणि बसना टोलमाफी ठरली. आपल्या सावंगीहून चढलेली कोटीची विजेची गाडी मुंबईकडं टोल न भरता जाणार. अद्रक घेऊन तोच रस्ता धरणारा टेम्पो मात्र टोल भरणार. आणि दुचाकीला तर त्या रस्त्यावर चढायलाच मनाई. टेम्पो विजेचा असला तरी मालवाहू म्हणून त्याला ही माफी नाही. माझ्या मते पहिली माफी मालवाहू विजेच्या टेम्पोला हवी होती. तो दिवसातून दोन फेऱ्या मारतो, धूरही तोच जास्त सोडतो, आणि त्याचं भाडं शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलं जातं.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. जुन्या वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. देशभर नाव गाजलं, औरंगाबाद बघा कसं पुढं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये या सौद्याचा दुसरा कागद उघडला. पैशातला दोन तृतीयांश भाग स्टेट बँकेच्या कर्जाचा, व्याज ७ टक्के. आणि याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी बाईनं ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज १५.९ टक्के. त्यावर मर्सिडीजवाले म्हणाले की आम्ही एकत्र गेलो, घासाघीस केली, म्हणून दर मिळाला. हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग दीडशे शेतकरी एकत्र जाऊन एका बँकेत ट्रॅक्टरचा दर ठरवू शकत नाहीत काय? सोसायटी आपली आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आता तालुक्या-तालुक्यात आहेत. शहरातल्या उद्योजकांनी तर २०२१ च्या अखेरीस तीच युक्ती पुन्हा केली. ग्रीन मोबिलिटीच्या नावानं एकत्र येऊन विजेच्या गाड्यांची घाऊक मागणी नोंदवली. त्यांची नक्कल करण्यात लाज कसली!

विजेचा ट्रॅक्टरही आता कागदावर राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्याच्या परिवहन कार्यालयात परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्या उपस्थितीत अशा ट्रॅक्टरची नोंदणी झाली. पण घाई करू नका. आधी कोणाच्या तरी वावरात तो आठ तास रोटाव्हेटर ओढताना बघा. काळ्या रानात, पहिल्या पावसानंतर. बॅटरी किती तासांत बसते, घरच्या सिंगल फेजवर किती तासांत भरते, बॅटरीची हमी किती वर्षांची आणि ती बदलायला किती पैसे, हे चार प्रश्न विचारा. घरच्या साध्या जोडणीवर तीन किलोवॅटच्या आसपास भार घेता येतो. मोठी बॅटरी असली तर रात्र पुरत नाही. फवारणी, कोळपणी, बागेतली हलकी कामं यांना तो बरा पडेल असं वाटतं. नांगरणीचं अजून बघायचं आहे.

जागा मागायला आलेल्याला काय विचाराल

शेवटी रस्त्याकडेच्या वावराचं. चार्जिंग स्टेशन टाकायला वेगळा परवाना लागत नाही, कोणीही टाकू शकतो, असं केंद्राचं धोरण आहे. महामार्गावर ठरावीक अंतरावर एक स्टेशन असावं असंही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणून जळगाव रोडला आणि समृद्धीच्या उतारावर जागेला मागणी येणार, हे खरं. अशा वेळी माणूस गाडीतून उतरतो, कपडे चांगले, बोलणं गोड, हातात मोबाईलवर चित्र. दहा वर्षांचं भाडं दाखवतो.

त्याला विकत देऊ नका, भाडेपट्ट्यानं द्या. खरेदीखत झालं की सातबारावरून नाव गेलं, मग स्टेशन चालो की बंद पडो, जमीन त्याची. भाडेपट्टा नोंदणीकृत हवा, साध्या स्टॅम्पवर लिहून ठेवलेला नको. भाडं दर वर्षी किती वाढणार हे आकड्यात लिहून घ्या. धंदा दोन वर्षांत बसला तर ट्रान्सफॉर्मर, खड्डे, काँक्रीट कोण काढणार, तेही लिहून घ्या. ब्रुसेल्सचा कारखाना बंद होऊ शकतो तर सावंगीचं चार्जिंग स्टेशनही होऊ शकतं. विजेची जोडणी त्याच्या नावानं असावी, तुमच्या नव्हे, नाहीतर थकबाकीची नोटीस तुमच्या दारावर लागेल. पाणंद किंवा बांधावरून केबल जाणार असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आधी घ्या, वादाला निमित्त नको. हर्सूलची जागा महापालिका हद्दीत आहे, पुढं फुलंब्रीकडची ग्रामीण भागात. त्यामुळं अकृषिक परवानगी आणि बांधकामाचा कागद कुठून आणायचा ते तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना आधी विचारून घ्या. ज्याला जागा हवी त्यानंच तो खर्च करायचा, हेही करारात टाका.

आणि करार इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठी प्रत मागा. ती द्यायला जो आढेवेढे घेतो, त्याच्या चहाचे पैसे तुम्हीच द्या आणि त्याला टी पॉइंटपर्यंत सोडून या.